पापणीच्या मुळाशी

“खाली बघा,” डॉक्टर म्हणाल्या.

मी बघितलं. हनुवटी यंत्राच्या टेकूवर, कपाळ वरच्या पट्टीला लावलेलं, आणि उजेडाची एक उभी, बारीक फट डोळ्यावरून सरकत होती. या यंत्रापुढे मी आजवर कितीदा बसले असेन. दर वेळी ‘समोर बघा’, ‘वर बघा’, ‘डोळे मोठे करा’ एवढंच ऐकलं होतं. खाली बघायला कुणी सांगितलं नव्हतं. खाली बघितलं की वरची पापणी उतरते आणि तिच्या केसांची मुळं, जी एरवी काठाआड दडलेली असतात, ती उजेडात येतात. त्या दोन-तीन सेकंदांत डॉक्टरांना जे दिसलं, ते मी सात वर्षं डोळ्यांवर घेऊन फिरत होते.

सात वर्षांचा हिशेब खाजेपासून सुरू होतो. डोळा खाजायचा नाही, डोळ्याचा काठ खाजायचा. केस जिथून फुटतात नेमकं तिथे. सकाळी उठताना सगळ्यात जास्त. चिपडाने पापण्या चिकटलेल्या, त्या बोटांनी हलकेच सोडवायच्या आणि मग चोळत बसायचं. संध्याकाळपर्यंत काठ लाल. “रडलीस का?” हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की मी उत्तर देणंच सोडून दिलं. मधून मधून रांजणवाडी व्हायची. तिसरी बसली तेव्हा मागे एक टणक, न दुखणारी गाठ ठेवून गेली, ती कित्येक महिने तिथेच होती. केस गळायचे. काही नवे उगवायचे ते वाकडे, बुबुळाकडे वळलेले, आणि प्रत्येक उघडझापीला टोचायचे.

या प्रत्येक गोष्टीला आपापलं कारण मिळत गेलं. खाजेला ॲलर्जी, लालीला जागरण, जळजळीला स्क्रीन, रांजणवाडीला नशीब. सांगणारे चुकीचंच सांगत होते असंही नाही. ॲलर्जी, कोरडे डोळे आणि पापणीचा दाह यांची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की फक्त ऐकून निदान करू गेलं तर कुणीही चकावं. पण ऐकून चकणं वेगळं आणि न बघता चकणं वेगळं. त्या तपासणीला पापणी खाली घ्यायचा वेळ लागतो, बाकी काहीच लागत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी मला पडद्यावर चित्र दाखवलं. प्रत्येक केसाच्या बुडाशी मेणचट, अर्धपारदर्शक अशी एक बारीक नळी होती, केसाला गोल वेढून बसलेली. मनगटात घट्ट बांगडी असावी तशी. डोक्यातला कोंडा पडतो तसा पापणीतही पडू शकतो, पण तो इकडेतिकडे विखुरलेला असतो. असा केसाच्या मुळाला गुंडाळून बसलेला कोंडा ही एकाच जिवाची खूण मानतात. नेत्रतज्ज्ञ त्याला कॉलरेट म्हणतात. त्यांनी चिमट्याने एक केस हलकेच उपटला, काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी वाकून बघितलं. केसाच्या मुळाला लांबट, पारदर्शक असं काहीतरी चिकटलं होतं. मला वाटलं, कातडीचा तुकडा असेल. मग त्याचे पाय हलले.

डेमोडेक्स. पापणीतला माइट. कोळी, गोचीड आणि खरजेचा किडा यांच्याच कुळातला, आठ पायांचा.

तिथून घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच शब्द होता: किडे. आपल्या भाषेत हा शब्द साधा नाही. ‘किडे पडतील’ हा आपल्याकडचा शाप आहे. ज्याच्या हातून काही वाईट घडलं त्याला, किंवा ज्याने स्वतःची हेळसांड केली त्याला, किडे पडतात असं ऐकत आपण मोठे होतो. मी कुणालाही काही सांगितलं नाही. उशीचे अभ्रे रोज उकळत्या पाण्यात टाकले. टॉवेल वेगळा केला. दिवसातून चार-पाच वेळा साबणाने पापण्या घासल्या. कुठेतरी वाचलं की टी ट्री ऑइलने हे माइट मरतात, म्हणून ते तेल तसंच, काहीही न मिसळता, कापसावर घेऊन पापणीच्या काठाला लावलं. पुढचे दोन तास मी डोळे उघडू शकले नाही. दोन दिवस पापण्या सुजलेल्या होत्या. हे वाचणाऱ्या कुणाच्या हाताशी ती बाटली असेल, तर कळकळीने सांगते: ते करू नका. त्या तेलाचा उपयोग आहे, पण तज्ज्ञांनी ठरवलेल्या सौम्य प्रमाणात. शुद्ध तेल डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करतं.

पापण्या उतरल्यावर मी एक ठरवलं. ज्याची इतकी शिसारी वाटते, तो आहे तरी कोण हे नीट समजून घ्यायचं.

त्याची माणसाशी ओळख तशी जुनी. १८४१ साली याकोब हेन्ले या शरीरशास्त्रज्ञाला तो कानाच्या मळात दिसला. पुढच्या वर्षी गुस्ताव सिमोन या बर्लिनच्या डॉक्टरला मुरुमांतून निघालेल्या द्रव्यात तोच सापडला आणि त्याने त्याचं बारकाईने वर्णन केलं. १८४३ साली रिचर्ड ओवेन याने त्याला डेमोडेक्स हे नाव दिलं. ग्रीकमधल्या दोन शब्दांचा हा जोड: एक चरबीसाठी, दुसरा लाकूड पोखरणाऱ्या अळीसाठी. हे वाचताना मला एका गोष्टीने थांबवलं. डायनोसॉर हा शब्द घडवणाराही हाच ओवेन, आणि तोही जेमतेम वर्षभर आधी, १८४२ साली. जमिनीवर चाललेल्या सगळ्यात प्रचंड प्राण्यांना आणि माझ्या पापणीत राहणाऱ्या या जिवाला नाव देणारा माणूस एकच.

माणसाच्या अंगावर याच्या दोन जाती राहतात. त्या वेगळ्या जाती आहेत हे १९७२ साली पक्कं झालं. पहिली डेमोडेक्स फॉलिक्युलोरम, ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब. असे तीन माइट एका रेषेत ठेवले तर कसाबसा एक मिलिमीटर भरेल. ही केसाच्या मुळाच्या खोबणीत राहते, डोकं आत आणि शेपूट बाहेर, बहुधा एकटी नाही, दोघा-चौघांच्या सोबतीने. दुसरी डेमोडेक्स ब्रेव्हिस, तिच्याहून आखूड. ती आणखी खोल, तेलाच्या ग्रंथींत शिरून राहते. दोघींनाही उजेड सोसत नाही. दिवसा त्या आत असतात. रात्री आपण डोळे मिटले की बाहेर येतात, काठावरून चालतात, खोबणीच्या तोंडाशी त्यांचं मीलन होतं, आणि मादी परत आत जाऊन अंडी घालते. चालण्याचा वेग तासाला ८ ते १६ मिलिमीटर. पापणीचा काठ साधारण ३ सेंटिमीटरचा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला याला दोन ते चार तास लागावेत. अंड्यापासून मरणापर्यंतचं आयुष्य दोन ते तीन आठवड्यांचं. माझी सकाळची खाज मला तेव्हा कुठे कळली. रात्रभर काठावर वर्दळ होऊन गेलेली असायची.

२०२२ साली फॉलिक्युलोरमच्या सगळ्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो मी दोनदा वाचला. हा जीव माणसाच्या आसऱ्याला इतका काळ राहिला आहे की त्याची जनुकं एकामागून एक गळून गेली आहेत. अतिनील किरणांपासून वाचवणारी गेली, म्हणून उन्हात त्याला जागा नाही. पाय हलवायला त्याच्याकडे एकेका पेशीचे तीन स्नायू, बस. कितीतरी वर्षं असं मानलं जायचं की याला गुदद्वारच नाही, सगळी विष्ठा पोटात साठते आणि तो मेला की आपल्या कातडीत फुटते. या अभ्यासात ते द्वार सापडलं. इतकी वर्षं आपण त्याच्यावर एक आरोप करत होतो, तो निदान पुरता खरा नव्हता. आपल्यावाचून तो जगू शकत नाही. अंगावरून खाली पडला तर फार काळ तग धरत नाही, वाळून जातो.

हे वाचून माझी शिसारी पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पण शाप मात्र उतरला.

मग त्रास कशाने होतो? एखाद-दोन माइट असले तर होतही नाही. डोळे स्वच्छ, निरोगी असलेल्या कितीतरी माणसांच्या पापण्यांत ते सापडतात. त्रास होतो ते वाढले की. त्यांच्या पायांच्या नख्यांनी केसाच्या खोबणीची आतली कातडी खरवडली जाते, आणि खरवडलेली कातडी जास्त वेगाने कोंडा टाकू लागते. त्यात अंडी मिसळतात, मेलेल्यांची शरीरं मिसळतात, आणि केसाभोवती ती मेणाची बांगडी तयार होते. त्यांच्यासोबत आढळणारे जिवाणू असतात, आणि त्या जिवाणूंच्या प्रथिनांवर आपलं शरीर चिडतं. खोबणी सैल पडते, केस गळतो किंवा वाकडा उगवतो. ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या काठाचा दाह, तो हा. चेहऱ्यावर रोसेशिया या त्वचारोगाची लाली असणाऱ्यांच्या कातडीतही हे माइट जास्त संख्येने सापडतात.

ब्रेव्हिसचं काम अधिक आत चालतं, आणि मला जास्त भीती त्याची वाटते. मराठीत पापणी म्हणजे झाकणही आणि झाकणावरचे केसही. दोन्हींना एकच शब्द. आजवर मला त्याची अडचण झाली नव्हती. आता कळतं की माझ्या दुखण्याचं घर नेमकं या दोन अर्थांच्या सांध्यावर आहे. केसांच्या रांगेच्या किंचित मागे, काठावरच, आणखी एक रांग असते, बारीक छिद्रांची. तेलाच्या ग्रंथींची ही तोंडं. वरच्या पापणीत अशा ग्रंथी २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. आपण पापणी मिटतो तेव्हा प्रत्येक वेळी त्यांतून तेलाचा अंश बाहेर येतो आणि उघडताना अश्रूंवर त्याचा पातळ थर पसरतो. तो थर असतो म्हणून अश्रू उडून जात नाहीत. ग्रंथीचं तोंड बुजलं, आतलं तेल घट्ट झालं, की अश्रू टिकत नाहीत. डोळा कोरडा पडतो, कोरडा पडला म्हणून चुरचुरतो, चुरचुरतो म्हणून भळाभळा पाणी येतं, आणि तेलाविना तेही टिकत नाही. ‘डोळ्यांतून पाणी येतंय आणि तुम्ही म्हणता डोळे कोरडे आहेत?’ असं मी एकदा चिडून विचारलं होतं. त्याचं उत्तर हे.

आणि ग्रंथी फार दिवस बुजून राहिली तर वाळून जाते. वाळलेली ग्रंथी सहसा पुन्हा उभी राहत नाही. म्हणून या दुखण्यात गेलेली वर्षं नुसती त्रासाची नसतात. माझ्या खालच्या पापण्यांतल्या काही ग्रंथी आता नाहीत. सात वर्षांत मी लाजेपोटी काहीच लपवलं नव्हतं, कारण मला काही ठाऊकच नव्हतं. पण निदानानंतरचे चार महिने मात्र मी लपवण्यात घालवले. परत तपासायला गेले नाही, सांगितलेले उपाय धड केले नाहीत, घासत राहिले. त्या चार महिन्यांचा दोष मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही.

उपाय खरंतर शांतपणे करायचे असतात. ओल्या, गरम फडक्याचा शेक, मिटलेल्या पापण्यांवर, पाच ते दहा मिनिटं. ऊब सोसवेल इतकीच, साधारण ४० अंश सेल्सिअस, आणि फडकं लवकर निवतं म्हणून पुन्हा पुन्हा भिजवत. त्याने गोठलेलं तेल वितळतं. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, काठाच्या दिशेने हलकेच निपटायची. मग काठ पुसायचा, केसांच्या मुळांशी, पापणीसाठीच केलेल्या द्रवाने. टी ट्री ऑइलमधला माइट मारणारा मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल. तो योग्य प्रमाणात असलेले, पापण्या पुसायचे ओले रुमाल आणि द्रव मिळतात, मला डॉक्टरांनी तेच दिले. २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच दुखण्यासाठी लोटिलॅनर या औषधाच्या थेंबांना मान्यता दिली, खास डेमोडेक्स ब्लेफरायटिससाठी मंजूर झालेलं त्यांच्याकडचं ते पहिलंच औषध. हे औषध आधी कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवर आणि पिसवांवर वापरलं जात होतं. डोळ्यात दिवसातून दोनदा, सहा आठवडे. सहा आठवडे का, हे माइटच्या आयुष्याकडे बघितलं की कळतं: आज मोठे मेले तरी अंड्यांतून नवे येणारच, त्यांच्या दोन-तीन पिढ्या ओलांडाव्या लागतात. म्हणूनच आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबणाऱ्यांचं दुखणं परत येतं. मीही एकदा थांबले होते.

डोळ्यांचा मेकअप कुणाशी वाटून घेऊ नये, आणि जुना मस्कारा टाकून द्यावा. एवढं मी आता सगळ्या मैत्रिणींना सांगते.

समूळ नाश होत नाही. व्हायला हवा असंही नाही. संख्या आवाक्यात ठेवायची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांच्या चेहऱ्यावरून डीएनए गोळा केला, तर अठराच्या पुढच्या ज्यांना ज्यांना तपासलं त्या प्रत्येकात या माइटचा अंश सापडला. प्रत्येकात. तान्ह्या बाळाच्या अंगावर तो नसतो. तो येतो जवळिकीने, स्पर्शाने, बहुतेक घरातल्याच माणसांकडून. वय वाढतं तशी संख्या वाढते. आणि २०१५ साली संशोधकांनी आणखी एक दाखवलं: या माइटच्या वंशावळी माणसांच्या वंशावळींशी जुळतात. माणूस दूर देशात जाऊन राहिला तरी त्याच्या अंगावर पूर्वजांच्या मुलखातलीच वंशावळ पुढच्या पिढ्यांत टिकून राहू शकते.

हे वाचलं आणि मी भारावून गेले. आईने मला छातीशी धरलं असेल, गालाला गाल लावून झोपवलं असेल, तेव्हा हे माझ्याकडे आलं असेल. तिच्याकडे तिच्या आईकडून. ज्या आजीचा मला चेहराही नीट आठवत नाही, तिच्या स्पर्शाचं काहीतरी माझ्या पापणीत अजून जिवंत आहे, असं मला वाटलं. त्याच भरात मी आईला फोन केला. निदानाचं सांगितलं, आणि म्हटलं, “आई, हे माझ्याकडे तुझ्याकडूनच आलेलं असणार.”

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बरं.”

माझ्या बहिणीला तेव्हा नुकतंच बाळ झालं होतं. दोन महिन्यांनी आम्ही सगळ्या एकत्र जमलो, तेव्हा मला काहीतरी खटकत राहिलं आणि काय ते कळेना. दुसऱ्या दिवशी कळलं. आई बाळाला मांडीवर घ्यायची, पण तोंड पलीकडे करून. खांद्यावर टाकायची नाही. पापे घ्यायची ते तळपायांचे. ज्या बाईने आम्हा दोघींना गालाशी धरल्याशिवाय कधी झोपवलं नाही, ती हात लांब करून नातवाला खेळवत होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

“माझ्या डोळ्यांतलं त्याला नको गं,” ती म्हणाली.

मला काही बोलता येईना. किडे हा शब्द मी उच्चारलाही नव्हता. पण मी चार महिने गिळून बसलेली लाज, मला वाटतं, त्या एका वाक्यातून सबंध तिच्याकडे गेली होती. मला त्यात माया दिसली, म्हणून तिलाही तीच दिसेल असं मी धरून चालले. तिला दिसला तो तिचा अपराध.

मी तिला माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. तिचे डोळे मी लहान असल्यापासून संध्याकाळी लाल व्हायचे. चुलीपुढच्या विस्तवासारखे, असं बहीण म्हणायची. पुढे ‘वयामुळे’ हे उत्तर मिळालं आणि तिनेही ते धरून ठेवलं. तिने हनुवटी टेकूवर ठेवली. डॉक्टर म्हणाल्या, “आजी, खाली बघा.” पडद्यावर तिच्या पापणीची मुळं उमटली. विरळ झालेले केस, आणि जे उरले होते त्यांच्या बुडाशी त्याच बांगड्या. खालच्या पापण्यांतल्या निम्म्याअधिक ग्रंथी वाळून गेल्या होत्या. मी ते चित्र फार वेळ बघू शकले नाही.

आईने मात्र स्वतःच्या डोळ्यांबद्दल काही विचारलं नाही. “माझ्या नातवाला हे जाईल का?” एवढंच तिने विचारलं.

डॉक्टरांनी दिवा बाजूला केला. “आज ना उद्या त्याच्याकडे येईलच, आजी. माझ्याकडेही आहेत, तुमच्या लेकीकडेही आहेत. तुमच्याकडून नाही आले तर आणखी कुणाकडून येतील. एवढ्या लहान मुलांच्या कातडीत तेल कमी असतं, तिथे ते फारसे वाढत नाहीत. तुम्ही औषध घ्या, शेक घ्या, काठ पुसा. आणि त्याला जवळ घ्या.”

“गालाला गाल लावला तर चालेल?”

“चालेल.”

आईने मान हलवली. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. घरी आल्यावर मी पाणी गरम केलं, दोन फडकी भिजवली, एक तिच्या डोळ्यांवर ठेवलं आणि एक माझ्या. आम्ही दोघी शेजारी शेजारी आडव्या पडून होतो. तिचं फडकं निवलं की मी ते पुन्हा भिजवून देत होते. दहा मिनिटांनी मी तिच्या पापण्या पुसल्या. तिची कातडी इतकी पातळ झाली आहे की मला भीती वाटत होती. तिने डोळे मिटूनच विचारलं, “तुझे कोण पुसतं?”

“मीच.”

“दे इकडे,” ती म्हणाली, आणि उठून बसली. तिने माझे काठ पुसले, लहानपणी काजळ घालताना धरायची तशी हनुवटी धरून.

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं होतं. बहिणीने त्याला आणून आईच्या हातात दिलं. आईने नेहमीसारखं त्याला मांडीवर घेतलं, तोंड पलीकडे करून. थोडा वेळ थोपटत राहिली. ते रडतच होतं. मग तिने त्याला उचललं, वळवलं, खांद्याशी घेतलं. शेकाने तिचा गाल अजून गरम होता. तो तिने त्याच्या गालाला लावला आणि डोळे मिटून घेतले.